हवार्तीचं पथ्य

मला चीज आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणायचे, बाई परदेशात राहून शेफारली आणि आता चीजवर लिहायला बसली. आमच्याकडे चीज म्हणजे गोल खोक्यातल्या, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या त्रिकोणी वड्या. मुलगी लहान असताना डब्यात द्यायला बऱ्या पडायच्या. हवार्ती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तोही तिच्याच तोंडून. मैत्रिणीकडे राहायला गेली होती, तिथे सँडविचमध्ये खाऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "मम्मा, गेट हवार्ती. द क्रीमी वन. इट्स डेनिश." मी म्हटलं, आधी फ्रीजमधलं श्रीखंड संपव.

तरी आणलं. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या बिल्डिंगपासून जवळच मोठं सुपरमार्केट आहे, तिथे चीजचं वेगळं काउंटर आहे. काचेपलीकडच्या मुलीने एक पातळ काप कागदावर ठेवून चवीला दिला. लोण्याच्या रंगाचा, आणि अंगभर बारीक, वेडीवाकडी भोकं. मला वाटलं खरवसच आहे. जिभेवर ठेवला तर धड खारट नाही, धड आंबट नाही. लोण्याचा वास, आणि विरघळताना अगदी शेवटी ताज्या ताकाची आठवण यावी एवढाच आंबूसपणा. चावायची गरजच नाही, तोंडातल्या उबेने मऊ पडतो. याला चीज कशाला म्हणायचं, असं मनात म्हणत मी पाव किलो बांधून घेतलं. घरी नवऱ्याने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "यात मीठ घालायला विसरलेत." त्यानंतर ते फक्त मुलीचं झालं आणि फ्रीजच्या दारात पडून राहायला लागलं.

त्याच वर्षी नवऱ्याचा आवाज बसला. तो साइट इंजिनिअर. मुसाफाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, धुळीत उभं राहून दिवसभर चार भाषांत ओरडायचं, "यल्ला, यल्ला" करत माणसं हलवायची, हेच काम. आवाज बसला तर नवल काय? आम्ही गुळण्या केल्या, हळद-दूध केलं, एसीला दोष दिला. मग गिळताना दुखायला लागलं, मग मानेला गाठ लागली, मग डॉक्टर. घशात, जिभेच्या मुळाशी. ज्याला सांगावं तो आधी हेच विचारायचा, "तंबाखू खायचे का?" नाही. सिगारेट? नाही. शेवटी शेवटी मी "हो, पोत्याने खायचे" असं सांगायला सुरुवात केली. लोकांचं समाधान व्हायचं.

रेडिएशन आणि बरोबर केमो, असं ठरलं. रेडिएशनसाठी त्याच्या चेहऱ्याचा एक मास्क केला होता. पांढऱ्या प्लास्टिकची जाळी, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून बसवलेली. रोज टेबलावर झोपवायचे, मास्क चढवायचे आणि कडेने टेबलाला अडकवून टाकायचे, म्हणजे डोकं तसूभर हलू नये. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं की वजन उतरलं की चेहरा उतरतो, चेहरा उतरला की मास्क सैल होतो, आणि मास्क सैल झाला तर किरणं भलतीकडे जातात. मग नवा मास्क करायचा, सगळं गणित नव्याने मांडायचं, आणि तोवर ट्रीटमेंट बंद. "नो गॅप, मॅडम. गॅप इज बॅड. वजन पकडके रखिये, बाकी हम पे छोडिये." माझ्या डोक्यात तेवढं एकच घुसलं. मास्क घट्ट राहिला पाहिजे. मी ऑफिसात बिनपगारी रजा टाकली आणि त्याला खाऊ घालायच्या मागे लागले.

आणि नेमकं खाणंच बंद झालं. तोंड आतून सोलवटून निघालं होतं. मऊ भात दिला तर जाळ, मुगाचं कढण दिलं तर जाळ, केळ्याने जाळ, शहाळ्याच्या पाण्याने जाळ. हळदीचा कण असला तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नाचणी चांगली मिळते म्हणून तासा-दीड तासावरच्या करामापर्यंत गाडी हाणली, बिनमिठाची आंबील केली, तीही त्याने एका घोटात परत वाटीत सोडली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी डबे लावले. माझ्या जिवाला केवढा आधार झाला, हे खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक डब्याबरोबर एक सल्ला यायचा, आणि डब्यात हिंग-जिऱ्याची फोडणी असायचीच. फोडणीशिवाय पातेलं खाली उतरवायला आपल्या बायकांचा हात धजत नाही. डबे मी आणि मुलगी खायचो. तो समोर बसून बघायचा.

एक दिवस संध्याकाळी मुलगी सोफ्यावर बसून टोस्ट खात होती, वर ते हवार्ती. तो शेजारीच बसला होता. तिच्या बशीतला एक काप त्याने उचलला आणि जिभेवर ठेवला. मी ओट्यापाशी होते, मला वाटलं आता हा ओरडणार. तोंड मिटून तो नुसता बसून राहिला. बराच वेळ. मग त्याचा गळा हलला. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लागत नाही." मग दुसरा काप उचलला. मी नळ तसाच सोडून बाहेर आले होते.

त्यानंतर मी हवार्तीशी अशी वागायला लागले, जशी सासरच्या कुणाशीही कधी वागले नसेन. जेवणाच्या आधी तासभर फ्रीजबाहेर काढून ठेवायचं, म्हणजे थंडपणाचीही बाधा नको. कडेचा भाग जरासा उग्र लागतो, तो कापून टाकायचा. फार जुनं घ्यायचं नाही, मुरलं की त्याला धार येते. काउंटरवर मी प्रत्येक वेळी चव घेऊन बघायची, काचेपलीकडची मुलगी कंटाळायची. पातळ काप तो तसेच जिभेवर विरघळवायचा. मग मी धीर करून ते गरम उकडलेल्या बटाट्यात कालवलं, तांदळाच्या पिठीत घोटलं, कोमट दुधात वितळवलं. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, पांढरंफटक. बघून मलाच कसंतरी व्हायचं, पण त्याच्या पोटात जायचं. हॉस्पिटलातला टेक्निशियन रोज मास्क लावल्यावर कडेने एक बोट घालून बघायचा. बोट आत जायचं नाही. "टाइट. गुड," म्हणायचा. मी बाहेरच्या खुर्चीत बसून त्या दोन शब्दांची वाट बघायची.

मग ताई आल्या. ताई म्हणजे माझी नणंद, याची थोरली बहीण. याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून ताईंनीच त्याला वाढवलं. त्याच्या शाळेच्या डब्यापासून इंजिनिअरिंगच्या फीपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं, आणि स्वतःचं लग्न त्यासाठी लांबवलं. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून इतक्यांदा ऐकवण्यात आलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. खोटं मात्र त्यात काही नाही. व्हिजिट व्हिसावर त्या पुण्याहून आल्या, बॅगेत कपड्यांपेक्षा पुड्या जास्त. दारातच भावाचा चेहरा पाहिला आणि त्याचे पाय चेपायला बसल्या. मला त्या वेळी खरंच बरं वाटलं. म्हटलं, दोन हात वाढले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीज उघडला. "हे काय गं?"

"चीज आहे ताई. तेवढंच खाता येतं त्याला."

"कुठलं?"

"डेन्मार्कचं."

"डेन्मार्कच्या लोकांना याची प्रकृती माहीत आहे का?" त्यांनी पुडकं उलटंसुलटं करून पाहिलं, त्याच्यावरचे दिरहम मनातल्या मनात रुपयांत केले, आणि तोंड आणखी वाकडं झालं. "आंबवलेलं, विकतचं, महिनोन्‌महिने ठेवलेलं. आणि हे त्या घशावरून? कफ किती धरेल? आणि अशा आजारात दूधदुभतं म्हणजे त्या गाठीलाच खाऊ घालणं, हे सगळे सांगतात."

सगळे म्हणजे व्हॉट्सअॅप. पुण्याचे त्यांचे वैद्य होते, त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला तेव्हा मी तिथेच होते. म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले होते, "जड पदार्थ जरा बेताने, आणि तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर काही करू नका." ताईंनी यातलं "जड" तेवढं ऐकलं. फोन ठेवला आणि जाहीर केलं की चीज बंद, पथ्य सुरू.

आता पथ्य म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावून सांगायला नको. औषध डॉक्टर देतो, ते लागू पडलं तर त्याचं नाव. पण पथ्य घरच्यांच्या हातात असतं. नुसतं बघत बसण्यापेक्षा काहीतरी केल्यासारखं वाटतं. पथ्य पाळलं की माणूस बरा होतो, आणि नाही झाला तर कुणीतरी कुठेतरी ते मोडलेलं असतं. ताईंचा यावर जीव ओवाळून टाकावा इतका विश्वास होता. माझा टेक्निशियनच्या बोटावर.

आम्ही स्वयंपाकघरात भांडलो. दार लावून, दबक्या आवाजात, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये. मी मास्कचं समजावलं, वजनाचं समजावलं, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, डॉक्टर काय, त्यांना रोज शंभर पेशंट. मी म्हटलं, तुम्हाला एकच आहे म्हणून त्याला उपाशी ठेवणार का? आणि मग माझा तोल गेला. म्हणाले, "ताई, तुम्ही त्याला बघायला आलात की मारायला?" त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले तोवर त्या त्याच्याजवळ बसल्या होत्या. त्याचा हात त्यांनी उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. बरा होईपर्यंत ते चीज तोंडात घालणार नाहीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताईंच्या पाठीमागून मानेने नाही, नाही, म्हणत होते. शपथ सोडवून घे, हसण्यावारी ने, काहीही कर. हा माणूस बांधकामाची पूजा करतानासुद्धा गुरुजींना घड्याळ दाखवायचा. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम हॉर्न वाजवून पुढे जायचा. मला खात्री होती की तो हसेल. तो हसलाही, आवाज न करता, आणि मान डोलावली. बरं, म्हणून.

त्या दिवसापासून ताई पहाटे उठून पेज करायच्या. एक गोष्ट मान्य करते, एवढ्या मऊ हाताने पेज घोटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मुगाचं पाणी, साळीच्या लाह्यांचं पाणी, ज्येष्ठमधाचा काढा. तो दोन चमचे घ्यायचा, डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी ताईंकडे बघून मान हलवायचा, छान आहे म्हणून. तिसऱ्या चमच्याला हात आडवा. ताई उरलेली पेज घेऊन स्वयंपाकघरात जायच्या आणि माझ्याकडे पाठ करून रडायच्या. मी चीज आणून त्याच्यापुढे ठेवायचे, तो डोळ्यांनी ताई कुठे आहेत ते बघायचा आणि बशी परत सरकवायचा. मला वाटायचं, भितोय बहिणीला. एवढा मोठा बाप्या, बहिणीला भितोय. मी दोघांवरही धुसफुसत राहायचे.

मास्कच्या कडेने एक बोट जायला लागलं. मग दोन. एक दिवस टेक्निशियन बाहेर आला आणि "टाइट" म्हणालाच नाही. नवा मास्क करायला घेतला, आणि ज्या गॅपची मी डोळ्यांत तेल घालून राखण केली होती, तो पडला. नाकातून अन्नाची नळी घातली, तिने थोडं सावरल्यासारखं झालं. पण छातीत संसर्ग झाला तेव्हा नळी काढली आणि पुन्हा घालू द्यायला तो काही तयार होईना. त्यातच स्कॅन झालं. फुप्फुसांत पसरलं होतं. डॉक्टरांना मी सरळच विचारलं, गॅप पडला म्हणून का? त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "नो, मॅडम. इट वॉज ऑलरेडी देअर." हे खरं होतं की माझ्याकडे बघून सांगितलं होतं, मला आजही माहीत नाही. रेडिएशन थांबलं. आता आराम पडेल तेवढं करायचं, म्हणाले. खायला? "जे आवडेल ते. जेवढं जाईल तेवढं." ताईंना मी स्कॅनचं सांगितलं. पुढचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, मग तर पथ्य जास्तच सांभाळायला हवं.

व्हिसा एकदा वाढवून झाला होता. पुण्याला ताईंच्या यजमानांचीही तब्येत बिघडली, त्यांना निघावं लागलं. जाताना त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुन्हा येते. पथ्य पाळ." मी त्यांना एअरपोर्टला सोडलं, आणि गाडी वळवली ती थेट सुपरमार्केटला. या वेळी काप नाही, अख्खी लादी घेतली. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, "पार्टी, मॅम?" मी हो म्हटलं. वजन, मास्क सगळं संपलं होतं, ते कळत होतं मला. पण ज्याला एका गोष्टीने जाळ होत नाही, ती त्याने खावी. पोटाला आधार असावा. भुकेलं माणूस अंथरुणावर बघवत नाही हो.

लादी बाहेर काढून ठेवली, मऊ पडू दिली, पातळ काप केला आणि त्याच्या ओठांपाशी नेला. "ताई गेल्या," म्हटलं. "आता खा."

त्याने तोंड उघडलं नाही.

मी पुन्हा म्हटलं. मग विनवलं. मग ओरडले. मुलगी तिच्या खोलीतून धावत आली आणि दारात उभी राहिली. तो खुणेने मला बस म्हणाला. आवाज जवळजवळ गेलाच होता, कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. थांबत थांबत त्याने जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं. गावाबाहेर खाणीत पाणी साठायचं. तिथे पोहायला जाणार नाही, अशी आईने त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. तो गेला. आणि त्याच पावसाळ्यात आई तापाने गेली. घरात कुणालाही कधी सांगितलं नाही, ताईलाही नाही.

"अरे, ती तापाने गेली," मी म्हटलं. "तू इंजिनिअर आहेस. तुला कळत नाही?"

"कळतं," तो म्हणाला. "पण ताईचा गळा आहे. माझं जे झालंय ते तिला नको."

मी त्याला मूर्ख म्हणाले. मरायला टेकलेल्या माणसाला, पोटच्या मुलीसमोर, मूर्ख म्हणाले. आणि म्हटलं, "मग मीपण घालते शपथ. माझ्या गळ्याची. खाल्लं नाहीस तर बघ." त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "नको. दोन गळे नाही सांभाळता येणार." त्याच्या तोंडावर ते जुनं हसू होतं. मला त्याचा असा संताप आला की खोलीबाहेर निघून गेले. बाल्कनीत उभी राहून रडले, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. माझ्या मनात एकच येत होतं, की याला बहीण दिसते, मेलेली आई दिसते, आणि समोर वाटी घेऊन बसलेली बायको दिसत नाही.

तरी मी रोज काप करून ठेवायची. तो रोज पाण्याचे दोन घोट घ्यायचा. कडा सुकून कडक व्हायच्या, मग मुलगी तो काप उचलून केराच्या डब्यात टाकायची. तीही ते चीज खाईनाशी झाली. शेवटच्या आठवड्यात तर पाणीही कापसाने लावावं लागत होतं. दुपारी गेला, हॉस्पिटलात, मी खाली गाडी हलवायला गेले होते तेव्हा. अल ऐनच्या स्मशानात नेऊन दहन केलं, आणि अस्थी घेऊन मी आणि मुलगी पुण्याला आलो.

ताईंच्या घरी पाहुणे होते. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवत होते तर त्या आत आल्या, दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "एक विचारते. खरं सांग. मी निघाल्यावर तू त्याला ते चीज देत होतीस ना?"

माझ्या अंगाची आग झाली. आता हिशेब मागायला आल्या, म्हटलं. आणि खरं सांगते, या प्रश्नाची मी वाटच बघत होते. उत्तर तयार होतं. नाही दिलं, ताई. घेतलंच नाही त्याने. तुमची शपथ होती ना. तो उपाशी गेला, तुमच्यामुळे गेला, पाण्याच्या दोन घोटांवर गेला. विमानात बसल्यापासून हे मी मनात घोळवत होते, शब्द न शब्द. मी मागे वळले.

त्यांचा हात त्यांच्या गळ्यावर होता. चाचपून बघत होत्या. "मला चालेल गं," त्या म्हणाल्या. "मोडली असली तरी चालेल शपथ. बघ, मला काही झालेलं नाही. मी रागावणार नाही. फक्त तो उपाशी गेला नाही, एवढं मला सांग."

आधण उकळत होतं. मी गॅस बारीक केला.

"हो," म्हणाले. "देत होते."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"खायचा?"

"खायचा. लागत नव्हतं ना त्याला ते. जिभेवर ठेवलं की विरघळायचं."

त्या तिथेच फरशीवर बसल्या. "बरं केलंस," म्हणाल्या, "माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस." आणि मग मोठमोठ्याने रडल्या, तो गेल्यापासून पहिल्यांदाच. संध्याकाळी त्या सगळ्यांबरोबर पानावर बसल्या. मला हायसं वगैरे काही वाटलं नाही. घशात अडकलेलं बाहेर काढायची एकच वेळ होती आणि ती मी घालवली, असं वाटलं.

ताईंनी ते सगळ्यांना सांगितलं. कौतुकाने सांगितलं. म्हणायच्या, आमच्या भावजयीने माझ्या नकळत त्याला खाऊ घातलं, लेकरू उपाशी नाही गेलं. पण ऐकणाऱ्यांनी काय ऐकायचं ते काही ताईंच्या हातात नव्हतं. वर्षश्राद्धाला मी आणि मुलगी पुन्हा पुण्याला आलो तोवर त्या गोष्टीला पाय फुटले होते. पंगत बसली होती. समोरच्या रांगेत चुलत सासूबाई. वरणभात कालवता कालवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय गं, ताईने शपथ घातली होती ना त्याला? वैद्यांचं पथ्य होतं. आणि तू चोरून चीज घालत होतीस म्हणे?"

सगळे खाली मान घालून जेवायला लागले. ताई हातात भाताचं पातेलं घेऊन पंगतीच्या मध्ये उभ्या होत्या, तशाच थांबल्या.

मुलीने घास खाली ठेवला. "मम्मा, टेल देम," ती म्हणाली. "ही नेव्हर एट इट. बाबाने एकदाही खाल्लं नाही, मी स्वतः—"

"तुला काय माहीत," मी म्हणाले. "तू शाळेत असायचीस." आणि चुलत सासूबाईंकडे बघून म्हणाले, "हो, दिलं मी. रोज दिलं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ते सगळे दिवस ती घरातच होती, शाळेत गेलीच नव्हती. तिचे डोळे भरून आले. ती पानावरून उठून आत गेली.

ताई वाढत वाढत माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या. "थोडा घे अजून," म्हणाल्या. "तू काही खातच नाहीस." मी हात आडवा केला नाही. वाढला तेवढा सगळा भात खाल्ला.